सी ड्राइव्हची जागा जाते तरी कुठे? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डीटीपीवाले, फ्लेक्सवाले, दोन आर्किटेक्ट आणि एका कॉलेजची लॅब अशा ठिकाणची मशीन्स बघतो, आणि आठवड्यातून एकदा तरी फोन येतोच, "दादा, आम्ही काहीच केलं नाही हो, पण सी ड्राइव्ह लाल झालाय." दरवेळी फोनवर तेच तेच सांगून घसा बसायला लागला म्हणून एकदाचं लिहून काढलं. बरंचसं विंडोज १० आणि ११ बद्दल आहे, लिनक्सबद्दलही आहे कारण लॅबमधे तेच आहे. कमांड अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या, मी इथे फक्त उच्चार लिहिलेत.

काहीच डाउनलोड केलं नाही तरी जागा कमी होतेय. व्हायरस आहे का?

बहुतेक वेळा नाही. आजकालच्या व्हायरसला तुमची डिस्क भरण्यात काय मिळणार, त्याला पासवर्ड हवेत नाहीतर खंडणी हवी. डिस्क भरणारे निघतात ते सगळे घरचेच, म्हणजे विंडोज स्वतः, नाहीतर तुम्हीच टाकलेलं एखादं सॉफ्टवेअर. तुम्ही माउसला हात लावला नाही तरी मशीन दिवसभर लिहीत असतं, अपडेट उतरवतं, लॉग लिहितं, सर्चसाठी इंडेक्स बनवतं, रीस्टोर पॉइंट (बिघडलं तर मागे जाता यावं म्हणूनची प्रत) काढतं. जागा हवेत उडत नाही, कोणीतरी ती घेतलेली असते आणि त्याचं नाव सापडतं. फक्त आधी शोधायचं आणि मग पुसायचं, लोक उलटं करतात, आधी दिसेल ते पुसतात आणि मग मला फोन करतात.

१ टीबीची डिस्क घेतली, ९३१ जीबीच दिसते. दुकानदाराने फसवलं का?

नाही, हा मोजमापाचा घोळ आहे. डिस्कवाले १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं एवढे बाइट धरतात. विंडोज तेच बाइट १०२४ ने तीनदा भागतं आणि पुढे जीबी लिहून मोकळं होतं. म्हणून १ टीबीचे ९३१, ५१२ चे साधारण ४७७, २५६ चे २३८. मॅकवर २००९ पासून दशमान मोजणी आहे, त्यामुळे तीच डिस्क तिथे पूर्ण दिसते आणि मग लोक म्हणतात मॅक भारी. त्यातून पुन्हा रिकव्हरी पार्टिशन वगैरे थोडं वेगळं कापलं जातं. या फरकासाठी दुकानात जाऊन भांडू नका.

सी मधले सगळे फोल्डर सिलेक्ट करून प्रॉपर्टीज बघितली तर १४० जीबी येतात, पण ड्राइव्ह म्हणतो २०५ वापरलेत. मधले ६५ कुठे गेले?

हा खरा प्रश्न. एक्सप्लोरर तुम्हाला जेवढं बघायची परवानगी आहे तेवढंच मोजतो. ज्या फोल्डरमधे तुम्हाला प्रवेश नाही तो त्याच्या लेखी शून्य, आणि लपवलेल्या सिस्टिम फाइल्स तर सिलेक्टच होत नाहीत. नेमकी मोठी मंडळी तिथेच बसलेली असतात: पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल), हायबरनेशनची फाइल, सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन, दुसऱ्या यूजरचा प्रोफाइल.

म्हणून एक्सप्लोररने मोजायचंच नाही. विझट्री नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कची मूळ फाइल-यादी थेट वाचतं, त्यामुळे पाच-दहा सेकंदात सगळी डिस्क मोठ्यापासून छोट्यापर्यंत मांडून दाखवतं. घरी वापरायला फुकट आहे, ऑफिससाठी लायसन घ्यावं लागतं. विनडिरस्टॅट ओपन सोर्स आहे, जुन्या आवृत्त्या हळू आहेत पण काम तेच. दोन्ही राइट क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" नेच उघडा, नाहीतर परत तेच अर्धवट चित्र दिसणार.

आणि तरीही हिशोब लागला नाही तर संशय शॅडो कॉपीवर, म्हणजे सिस्टिम रीस्टोरने बाजूला ठेवलेल्या जुन्या प्रतींवर. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधे "व्हीएसएसॲडमिन लिस्ट शॅडोस्टोरेज" असं टाइप केलं की किती वापरलेत आणि कमाल मर्यादा किती, दोन्ही आकडे येतात. एका आर्किटेक्टकडे मर्यादाच लावलेली नव्हती, तिथे ५८ जीबी निघाले. सिस्टिम प्रोटेक्शनच्या खिडकीत कॉन्फिगर मधे जाऊन घसरपट्टी खाली आणली की जुन्या प्रती आपोआप जातात. पूर्ण बंद मात्र करू नका, एखादा ड्रायव्हर बिघडला की हाच रीस्टोर पॉइंट देवासारखा धावून येतो.

रॅम १६ ची ६४ जीबी केली आणि दुसऱ्या दिवशी सी ड्राइव्हची जागा कमी झाली. रॅमचा आणि डिस्कचा काय संबंध?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण विचारणाऱ्याला वाटतं आपल्याला भास होतोय, पण संबंध अगदी सरळ आहे. हायबरनेट केलं की रॅममधला माल डिस्कवर एका फाइलमधे उतरवला जातो, आणि त्यासाठी विंडोज आधीच जागा अडवून ठेवतं, साधारण रॅमच्या ४० टक्के. १६ जीबीला ६.४, ६४ जीबीला २५.६. म्हणजे रॅमची पट्टी बसवताक्षणी जवळपास १९ जीबी गेले. तुम्ही हायबरनेट आयुष्यात कधी वापरलं नसेल तरी गेले, कारण फास्ट स्टार्टअप याच फाइलवर चालतं.

डेस्कटॉप वर्कस्टेशनला हायबरनेट लागत नाही. ॲडमिन कमांड प्रॉम्प्ट उघडून "पॉवरसीएफजी, स्लॅश एच, ऑफ" मारा, फाइल तिथल्या तिथे गायब. फास्ट स्टार्टअपही बंद होईल, एसएसडी असेल तर सुरू व्हायला दोन-चार सेकंद जास्त, त्यात काय बिघडलं? उलट शटडाउन केल्यावर मशीन खरोखर पूर्ण बंद होतं हा फायदाच. लॅपटॉपवाल्यांनी मात्र विचार करून करा, बॅटरी संपता संपता काम वाचवणारी हीच फाइल आहे.

पेजफाइलही रॅमबरोबर हलते. मोठा रेंडर लावला, रॅम कमी पडली की ती फुगते आणि रीस्टार्टनंतर परत जागेवर येते, म्हणून काही जणांना दुपारी १५ जीबी कमी दिसतात आणि सकाळी परत आलेले असतात. ती बंद करू नका. दुसरी डिस्क असेल तर तिथे हलवा हवं तर. आणि निळा स्क्रीन येऊन गेला असेल तर विंडोज फोल्डरमधे मेमरी डॉट डीएमपी नावाची फाइल बघा, ती कित्येक जीबींची असू शकते. कारण शोधून झालं असेल तर उडवा.

रोज एक-दोन जीबी जातात. खाणारा पकडायचा कसा?

आज विझट्री चालवा आणि पहिल्या वीस फोल्डरांचा मोबाइलवर फोटो काढा. उद्या त्याच वेळी परत चालवा, परत फोटो. दोन फोटो शेजारी ठेवले की जो वाढलाय तो दिसतोच. साधा उपाय आहे, पण मी पंधरा वर्षांत यापेक्षा कामाचा उपाय बघितला नाही. घाई असेल तर रिसोर्स मॉनिटर उघडा, डिस्कच्या टॅबवर जा, राइट या कॉलमवर क्लिक करून मोठा आकडा वर आणा, आत्ता या क्षणी कोणता प्रोग्राम कुठल्या फाइलमधे लिहितोय ते नावासकट दिसतं.

जुन्या मशीनवर, विशेषतः विंडोज ७ वर, एक खास प्रकार दिसायचा. विंडोजच्या अपडेटचा सीबीएस नावाचा लॉग २ जीबीच्या वर गेला की तो आवळून ठेवण्याचं काम फसायचं, आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची कॅब अंडरस्कोअर अशा नावाची फाइल विंडोजच्या टेंप फोल्डरमधे पडून राहायची. थोड्या वेळाने परत प्रयत्न, परत फाइल, असं करत सगळी डिस्क भरायची. लोक टेंप साफ करायचे, चार दिवसांनी परत भरलेला. लॉग्ज फोल्डरातल्या सीबीएस मधला तो मोठा लॉग काढल्याशिवाय काही उपयोग नाही. प्रेसमधे विंडोज ७ अजून जिवंत आहे (जुनी प्लेटसेटर मशीन्स, काय करणार) म्हणून सांगितलं.

प्रेसमधल्या मशीनची जागा दिवाळीच्या आधीच का जाते?

हसू नका, खरा प्रश्न आहे आणि मला दोन वर्षं छळलंय याने. दिवाळी अंकाचा हंगाम, दोनशे-अडीचशे पानांच्या फाइल्स, सगळ्या फोटोंसकट, एकामागोमाग प्रिंटला. त्या प्रेसच्या मालकांनी एकदा फॉरमॅट मारून घेतलं, पुढच्या वर्षी परत तेच, परत फॉरमॅट. तिसऱ्या वर्षी मला बोलावलं.

झालेलं असं की प्रिंट दिली की विंडोज तिची पूर्ण प्रत आधी डिस्कवर बनवतं आणि मग प्रिंटरला पाठवतं. जागा: विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स. प्रिंट निघाली की ती प्रत पुसली जाते. पण प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमधे ॲडव्हान्स्ड टॅबवर "कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स" अशी एक टिकमार्क आहे, ती कोणीतरी कधीतरी परत प्रिंट काढायला सोपं जावं म्हणून लावली होती, आणि मग एकही प्रत पुसली जात नव्हती. ९० जीबी नुसत्या छापून झालेल्या पानांच्या प्रती. वर्षभर पत्रिका आणि बिलबुकं छापताना लक्षात येत नव्हतं, दिवाळीत धरण भरायचं.

उपाय: ती टिक काढा. मग सर्व्हिसेस मधे प्रिंट स्पूलर थांबवा, त्या फोल्डरमधल्या फाइल्स काढा (फोल्डर नाही, फक्त आतल्या फाइल्स), स्पूलर परत सुरू करा. स्पूलर न थांबवता पुसायला गेलात तर फाइल वापरात आहे म्हणून नकार देईल. रांगेत कोणाचं काम अडकलंय का ते आधी विचारून घ्या, मी एकदा नाही विचारलं.

फोटोशॉप, कोरल, प्रीमियर यांचं काय?

फोटोशॉप चालू असताना "फोटोशॉप टेंप" नावाच्या आणि पुढे आकडे असलेल्या फाइल्स बनवतं, मोठ्या बॅनरवर काम असेल तर चाळीस-पन्नास जीबीपर्यंतही जातात. नीट बंद केलं की त्या जातात. वीज गेली किंवा फोटोशॉप मधेच लटकलं की राहतात, आणि आपल्याकडे वीज कधी जाते हे वेगळं सांगायला नको. यूपीएसची बॅटरी दोन वर्षं बदलली नसेल तर त्या मशीनच्या टेंप फोल्डरमधे बघाच, तीन-चार अनाथ फाइल्स नक्की असतील. फोटोशॉप पूर्ण बंद करून पुसायच्या. आणि प्रेफरन्सेसमधून स्क्रॅच डिस्क (या टेंप फाइल्स जिथे बनतात ती डिस्क) सी वरून दुसऱ्या डिस्कवर न्यायची, हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

कोरलड्रॉ मूळ फाइलच्या शेजारी "बॅकअप ऑफ" ने सुरू होणारी प्रत ठेवतं. कामाची गोष्ट आहे, माझी स्वतःची दोन कामं वाचलीत त्यावर. पण पाच वर्षांच्या फ्लेक्सच्या फोल्डरमधे प्रत्येक फाइल दुप्पट पडलेली असते. जुन्या गिऱ्हाइकांच्या फोल्डरमधे सर्च करून त्या काढायला हरकत नाही, चालू कामांच्या मात्र ठेवा.

प्रीमियर आणि आफ्टर इफेक्ट्सची मीडिया कॅश (फुटेज पटकन उघडावं म्हणून बनवलेल्या तात्पुरत्या फाइल्स) म्हणजे तर अजगरच, लग्नाची व्हिडिओ शूटिंग करणाऱ्यांकडे मी २०० जीबी बघितलीय. ती ॲपडेटा, रोमिंग, ॲडोबी, कॉमन या वाटेने आत लपलेली असते. प्रोजेक्ट डी ड्राइव्हवर, फुटेज बाहेरच्या डिस्कवर, आणि सी भरतोय, असं असेल तर नव्वद टक्के हीच. प्रेफरन्सेसमधे मीडिया कॅशच्या पानावरून पुसा, जागाही तिथूनच बदला. पुसल्याने प्रोजेक्टला काही होत नाही, फक्त पुढच्या वेळी उघडताना ते परत बनवत बसेल, तेवढ्यात चहा घेऊन या.

विंडोज १० वरून ११ वर गेलो आणि २०-२५ जीबी गेले.

जुनं विंडोज "विंडोज डॉट ओल्ड" नावाने बाजूला ठेवलेलं असतं, परत जायचं झालं तर. १० दिवसांनी ते आपोआप जातं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यानंतर बऱ्याच ऑफिसांनी घाईघाईत उड्या मारल्या आणि मला याच प्रश्नाचे फोन. शक्यतो दहा दिवस थांबा, घाईच असेल तर आधी सगळी सॉफ्टवेअर, प्रिंटर, डोंगल चालतंय का बघा, मग सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथून काढा. हाताने डिलीट करायला गेलात तर परवानगीवरून भांडण होईल.

शिवाय विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून अपडेटसाठी साधारण ७ जीबी राखीव ठेवायची पद्धत आलीय. ती जागा सोडून द्या.

विनएसएक्सएस फोल्डर १५ जीबी दाखवतोय, उडवू का?

नको!! या फोल्डरमधल्या पुष्कळ फाइल्स म्हणजे सिस्टिम३२ मधल्याच फाइल्सचं दुसरं नाव, एकाच माणसाचं दोन रेशनकार्डांवर नाव असावं तसं. एक्सप्लोरर दोन्हीकडे मोजतो म्हणून आकडा फुगलेला दिसतो. खरा आकडा हवा असेल तर ॲडमिन प्रॉम्प्टमधे डिझम कमांड, तिला ऑनलाइन, क्लीनअप-इमेज आणि ॲनालाइझ-कंपोनंट-स्टोअर हे तीन शब्द प्रत्येकी आधी स्लॅश लावून द्यायचे. साफ करायचं तर शेवटचा शब्द बदलून स्टार्ट-कंपोनंट-क्लीनअप, या नावांमधे डॅश फक्त क्लीनअप-इमेज मधे येतो, बाकी सलग लिहायचं. रीसेटबेस हा पर्याय कुठे वाचलात तर तो लावल्यावर आधीची अपडेट्स काढता येत नाहीत हे लक्षात ठेवा.

विंडोजमधलाच इन्स्टॉलर नावाचा लपवलेला फोल्डरही तसाच. रिकामटेकडा दिसतो, पण तो पुसला की पुढे सॉफ्टवेअर काढायला किंवा अपडेट करायला गेलात की अडतं, आणि ते लगेच कळत नाही, सहा महिन्यांनी कळतं.

व्हॉट्सॲप, मेल, ड्राइव्ह हेही जागा खातात का?

भरपूर. डेस्कटॉपवरचं व्हॉट्सॲप आलेला मीडिया ॲपडेटा, लोकल, पॅकेजेस इथे साठवतं, आणि ज्या ऑफिसात गिऱ्हाईक डिझाइन व्हॉट्सॲपवरच पाठवतं तिथे काय होणार ते तुम्हीच बघा. आउटलुकची ओएसटी फाइल (मेलची तुमच्या डिस्कवरची प्रत) डिफॉल्टने ५० जीबीपर्यंत वाढू शकते. गुगल ड्राइव्हमधे स्ट्रीम आणि मिरर असे दोन प्रकार आहेत, मिरर निवडलं की अख्खं ड्राइव्ह तुमच्या डिस्कवर उतरतं. आयफोनचा बॅकअप कधीतरी घेतला असेल तर मोबाइलसिंक फोल्डर बघा, फोन विकून दोन वर्षं झाली तरी बॅकअप असतो. ग्राफिक्स ड्रायव्हरचे उलगडलेले इन्स्टॉलर सी च्या मुळाशीच पडलेले असतात, तेही काढून टाका.

एखादं क्लीनर सॉफ्टवेअर टाकू का?

माझं मत विचाराल तर नको. डिस्क क्लीनअप आणि स्टोरेज सेन्स विंडोजमधेच आहेत, क्लीनर त्यापेक्षा फार वेगळं काही करत नाहीत, वरून स्वतःच्या जाहिराती दाखवतात. "रजिस्ट्री साफ करून जागा मिळवा" हे तर निव्वळ थापा, अख्खी रजिस्ट्री काही शे एमबीची असते, त्यातून काय मिळणार. डिस्क क्लीनअपमधे "क्लीन अप सिस्टिम फाइल्स" हे बटण दाबायला विसरू नका, खरा माल त्याच्या मागे आहे. आणि टिक लावताना प्रत्येक ओळ वाचा, विंडोज १० च्या काही आवृत्त्यांमधे त्या यादीत डाउनलोड्स फोल्डरही होता आणि एका काकांचे सगळे जीएसटीचे कागद त्यात होते.

२० जीबी डिलीट केलं, जागा एक एमबीनेही वाढली नाही.

रिसायकल बिन रिकामा केलात का? लाज वाटायचं कारण नाही, मीही फसलोय. प्रत्येक ड्राइव्हचा बिन वेगळा असतो आणि प्रत्येक यूजरचाही, त्यामुळे तुम्ही तुमचा रिकामा केला तरी दुसऱ्या लॉगिनचा भरलेला असू शकतो. ते नसेल तर वर सांगितलेली शॅडो कॉपी. तेही नसेल तर फाइल अजून कुठल्यातरी प्रोग्रामने उघडी धरलीय, एकदा रीस्टार्ट करा, शटडाउन नाही, रीस्टार्टच.

पेनड्राइव्ह रिकामा दिसतो पण जागा भरलेली.

झेरॉक्सच्या दुकानात लावून आणलात ना? तो शॉर्टकट व्हायरस फाइल्स पुसत नाही, लपवतो. आधी अँटीव्हायरस फिरवा, मग कमांड प्रॉम्प्टमधे ॲट्रिब कमांडला मायनस एच, मायनस आर, मायनस एस, ड्राइव्हचं अक्षर, कोलन, उलटा स्लॅश, तारा, शेवटी स्लॅश एस आणि स्लॅश डी देऊन चालवा, फाइल्स परत दिसतील. दुसरं कारण, तो पेनड्राइव्ह लिनक्सवर वापरून तिथे डिलीट केलं असेल तर माल पेनड्राइव्हवरच डॉट ट्रॅश नावाच्या लपलेल्या फोल्डरमधे असतो, मॅकचंही तसंच.

२५ जीबीचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी केला तर तिथे ४५ झाले.

डिस्क एक्सफॅट असेल (फाइल्स मांडायची एक पद्धत, विंडोजची नेहमीची ती एनटीएफएस) आणि फोल्डरमधे लाखो बारक्या फाइल्स असतील. डिस्क जागा ठोकळ्यांनी देते. एनटीएफएसचा ठोकळा साधारण ४ केबीचा, मोठ्या एक्सफॅट डिस्कचा डिफॉल्ट १२८ केबी. १ केबीच्या फाइललाही पूर्ण ठोकळा जातो. एक-दोन केबीच्या २ लाख फाइल्स म्हणजे नुसते ठोकळेच २४ जीबीच्या वर. झिप करून कॉपी करा, प्रश्न मिटला.

लिनक्सवर डीएफ म्हणतं डिस्क १०० टक्के भरली, डीयू मोजतं तर निम्मीच. कोण खोटं बोलतंय?

दोघंही खरं बोलतात, पण वेगळं मोजतात. डीएफ विचारतं फाइलसिस्टिमला, किती ठोकळे गेले. डीयू फोल्डर फोल्डर फिरून दिसतील त्या फाइल्स मोजतं. म्हणजे जी जागा गेलीय पण दिसत नाही ती शोधायची.

पहिलं कारण, पुसलेली पण उघडी फाइल. लिनक्सवर फाइल डिलीट केली तरी जोपर्यंत एखाद्या चालू प्रोग्रामने ती धरलीय तोपर्यंत जागा सुटत नाही. कोणीतरी भला मोठा लॉग आरएम करतो आणि मग बघत बसतो की जागा का येईना. "सुडो एलएसओएफ प्लस एल १" दिलं की असे सगळे धरून बसलेले दिसतात, तो प्रोग्राम रीस्टार्ट केला की जागा मोकळी. पुढच्या वेळी चालू लॉग पुसू नका, ट्रंकेट करून शून्यावर आणा.

दुसरं कारण मला लॅबमधे भेटलं आणि त्यात अख्खा शनिवार गेला. रात्री बॅकअपची स्क्रिप्ट चालायची, एमएनटी मधल्या बॅकअप फोल्डरवर बाहेरची डिस्क माउंट केलेली, म्हणजे तो फोल्डर उघडला की ती डिस्क दिसणार. एके दिवशी सफाईवाल्या मावशींनी झाडताना केबल हलवली, डिस्क सुटली. स्क्रिप्टला काय कळतंय, तिला फोल्डर दिसला, ती त्यातच लिहीत राहिली, म्हणजे मूळ डिस्कवरच. चार रात्रींनी कोणीतरी केबल परत बसवली, डिस्क परत त्याच फोल्डरवर माउंट झाली, आणि खाली लिहिलेला १६० जीबीचा माल झाकला गेला! सतरंजीखाली पैसे ठेवून वर गादी टाकावी तसं. डीयूला दिसणार कुठून. रूट फाइलसिस्टिम (म्हणजे ती मूळ डिस्क) "माउंट, डॅश डॅश बाइंड" करून दुसऱ्या रिकाम्या फोल्डरवर चढवली तेव्हा सतरंजीखालचं दिसलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक बॅकअप स्क्रिप्टची पहिली ओळ आहे माउंटपॉइंट कमांड, डिस्क खरोखर लागलीय का बघ, नसेल तर काही न करता बाहेर पड.

याशिवाय ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) डिफॉल्टने ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे लिनक्सच्या ॲडमिनसाठी, राखून ठेवतं, १ टीबीवर म्हणजे ५० जीबी. नुसता डेटा ठेवायच्या डिस्कवर ती ट्यून-टू-एफएस ने १ टक्क्यावर आणली तरी चालते, सिस्टिमच्या डिस्कवर राहू द्या. बाकी नेहमीचे: डॉकरच्या जुन्या इमेजेस, टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट, स्नॅपच्या जुन्या आवृत्त्या, जर्नलचे लॉग. एनसीडीयू टाकून घ्या, लिनक्सवरची विझट्रीच म्हणा, अगदी गोड हत्यार आहे.

जागा ३० जीबी शिल्लक, तरी "नो स्पेस लेफ्ट" म्हणतंय.

डीएफ ला डॅश आय लावून बघा. आयनोड संपलेत. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि ईएक्सटी४ वर त्यांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. गोदामात जागा आहे पण पावतीबुक संपलं, तसं. कुठल्यातरी फोल्डरमधे लाखो बारक्या सेशन किंवा कॅशच्या फाइल्स साठल्या असतील, त्या शोधून काढा.

विंडोजमधेच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरतो, आतलं पुसलं तरी सी ला जागा मिळत नाही.

त्याची व्हर्च्युअल डिस्क फुगते, पण आपोआप आकसत नाही. डब्ल्यूएसएल शटडाउन करा, मग डिस्कपार्टमधे ती व्हीएचडीएक्स फाइल निवडून कॉम्पॅक्ट व्हीडिस्क द्या. डॉकर डेस्कटॉपचंही असंच.

मॅकवर?

माझ्याकडे दोनच मॅक आहेत. दोन्हीवर टाइम मशीनचे लोकल स्नॅपशॉट निघाले. टीएमयूटिल लिस्ट-लोकल-स्नॅपशॉट्स (डॅश न देता सलग लिहायचं) आणि शेवटी एक स्लॅश दिलं की दिसतात. जागेची गरज पडली की सिस्टिम ते स्वतःच काढते.

डी ड्राइव्ह रिकामा आहे, त्यातून सी ला जागा देता येईल का?

येईल, पण सरळ नाही. सी वाढवायचा तर त्याच्या लगेच उजवीकडे मोकळी जागा लागते. डी बारीक केला की मोकळी जागा डीच्या उजवीकडे निघते, सी च्या शेजारी नाही, म्हणून एक्सटेंडचा पर्याय फिकट दिसतो. मधे रिकव्हरी पार्टिशन असेल तर अजून अडचण. डी चा माल बाहेर काढून डी पूर्ण उडवावा लागतो, किंवा पार्टिशन सरकवणारं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, दोन्हीत बॅकअप आधी, बाकी सगळं नंतर. आणि सी आणि डी वेगवेगळ्या डिस्कवर असतील तर हे जमतच नाही. मुळात सी ला १०० जीबी आणि डी, ई ला बाकीचं ही जुनी वाटणी आता बंद करा, एका एसएसडीला एकच पार्टिशन पुरतं.

मदत मागताना काय पाठवू?

विझट्रीचा ॲडमिनने चालवलेला स्क्रीनशॉट, ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजचा स्क्रीनशॉट, रॅम किती आहे, विंडोज कुठलं, आणि गेल्या पंधरा दिवसांत काय नवीन टाकलं किंवा बदललं ते. मोबाइलने स्क्रीनचा तिरका फोटो काढलात तरी चालेल, फक्त आकडे वाचता यायला हवेत. "सी फुल झालाय, कॉल करा" असा मेसेज रात्री साडेअकराला पाठवलात तर उत्तर सकाळीच मिळेल, आणि तेही "विझट्रीचा फोटो पाठवा" एवढंच.